कागद पुरला नाही

सत्तावीस वर्षं मी फोंड्याच्या पतसंस्थेत
उभ्या रेघा मारल्या.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
विचार वरून खाली उतरतो असंच मी धरून चाललो,
जिना उतरावा तसा, कठडा धरून.

सुलक्षेनं जुन्या कॅलेंडराची पाठ
जेवणाच्या टेबलावर पसरली,
चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या
आणि पाचवी मधोमध पालथी घालून
पेन्सिलीनं गोल काढला.
आत लिहिलं: सोलं.

"बचतगटाच्या शिबिरात शिकवलं," म्हणाली,
"डोक्यातलं सगळं आधी पसरायचं, क्रम मागाहून."
पसरायचं! म्हणजे सोलांसारखंच,
सुपावर, अंगणात, ऊन बघून.

मग फांद्या फुटू लागल्या.
बाटल्या: मडगावचे बोर्जेस, शंभराच्या खाली देत नाहीत.
लेबल: भाचा करील, पण पिवळं नको.
परवाना: फॉर्म, फोटो, विहिरीच्या पाण्याची तपासणी.
मीठ आगरातलंच, जाडं.
आणि बियांमधून एक बारीक डहाळी
जिची तिलाही कल्पना नव्हती:
भिरंडेल, टाचांच्या भेगांना.
"बघा," म्हणाली, "हे तुमच्या रकान्यात कुठं बसलं असतं?"
मी म्हटलं, किरकोळमध्ये.

खर्चाची फांदी माझ्या बाजूला आली होती.
तिथं मी गुपचूप सरळ रेघ ओढून बेरीज केली.
तिनं पाहिलं. बोलली नाही.

पुढे तिनं लिहिलं: झाडं.
झाडांपुढे: किती? तेरा.
तेरापुढे: कोणाची?

पेन्सिल थांबली.
सावईवेऱ्याचं कुळागर, ओहोळाच्या अंगाला,
पोफळींच्या सावलीत आजोबांनी लावलेल्या तेरा भिरंडी,
आणि आजोबांच्या वाटणीचा इन्व्हेंतार
अजून कोर्टात.
तिनं पाच मुलगे काढले, त्यांची मुलं काढली,
वास्कोच्या दोघी, कुंकळ्ळीचा एक,
लिस्बनमधला तो नातू, ज्याला रातांबा
फळ आहे की आडनाव हेही ठाऊक नसावं.
कॅलेंडर संपलं. तिनं विजेचं बिल चिकटवलं.
ते संपलं तेव्हा धंद्याच्या आराखड्याची
वंशावळ झालेली होती,
आणि टेबलाच्या अगदी कडेला, शेवटच्या डहाळीवर,
सत्यवतीकाकी.

अकरा वर्षं. कुंपणाच्या एका दगडावरून.

मी म्हटलं, ही फांदी खोड.
तिच्याकडची तीन सोडू, दहा झाडं पुरतात.
"आणि रातांबे फोडायला हात कोणाचे?" सुलक्षा म्हणाली.
"एका दाबात साल वेगळी, गर वेगळा,
असं करणारं वाड्यावर दुसरं कोण आहे, सांगा."
मी सांगितलं नाही. कोणी नव्हतंच.

रात्री तिनं फोन लावला.
मी सोप्यावर, पाठ तिच्याकडे, कान आत.
पलीकडून बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला असावा,
कारण ती दोनदा "काकी?" म्हणाली.
मग तिनं फोन माझ्या कानाला लावला.
"सोलांचें मागीर पळोवया," तोच आवाज, जरासा खरखरीत,
"आदीं च्या घेवपाक यो."

आता एप्रिल सरत आलाय. कागद कपाटाच्या दारावर,
एका बाजूची चिकटपट्टी सुटलेली.
परवाना आलेला नाही. बोर्जेसनी भाव वाढवला.
तीन फांद्यांवर फुल्या, एकीवर प्रश्नचिन्ह,
ते मी काढलेलं.
अंगणात सुपं, आणि ढग दिसला की
दोन घरची माणसं एकदम धावतात.

काल काकी आत आली पाणी प्यायला.
ओल्या, लाल बोटानं
गोलापासून वाचत वाचत निघाली,
बाटल्या, मीठ, झाडं, माणसं,
आपल्या नावापाशी पोचली. बोट टेकलं.
डाग राहिला.

"मला इतकं कडेला का गं लिहिलंस?"

सुलक्षेनं माझ्याकडे पाहिलं.
मी चष्मा पुसत होतो.
कागद पुरला नाही, काकी, मी म्हणालो.