तिसरा गिअर

अबेशेच्या बाजारामागं, कातड्याच्या गोदामात
टेबल मांडलं होतं. त्याचा एक पाय विटेवर.
ईसाखा मास्तर नावं लिहून घेत होता.
मी रांगेत नव्हतो खरं तर,
मिठाचे राहिलेले पैसे मागायला आलो होतो.

गाडी?
आहे.
किती टनी?
कागदावर सात. रस्त्यावर, त्याची मर्जी असली तर, अकरा.
रक्तगट?
लाल, म्हटलं. मास्तर हसला नाही.
वारस?
इथं अडलो.
मुलगा लिबियाकडं सोनं खणतोय,
चार वर्षांत दोन फोन.
"गाडीच लिही," म्हटलं, "माझ्यामागं तीच."
त्यानं काही न बोलता कल्तूमाचं नाव लिहिलं.

शेवटचा रकाना: का येताय?
मास्तरनं पेन वर धरलं. मागं माणसं खोळंबली.

सांगता आलं असतं.
सीमेपलीकडं, जुनैनात, अर्बाब म्हणून एक जण
टायर विकायचा. उधारीवर द्यायचा, वहीत न लिहिता.
माझे मागचे दोन त्याचेच. पैसे द्यायचे राहिले.
मग तिकडं आग लागली, माणसं पांगली,
आणि देणं आपसूक मिटलं म्हणून मी
एक दिवस, एकच दिवस,
हलका झालो होतो.

हे एवढ्याशा रकान्यात कुठं मावणार.
"कोरा सोड," म्हटलं.

कल्तूमा तीन दिवस बोलली नाही.
चौथ्या पहाटे सीटवर गाठोडं:
वाळल्या भेंडीचा चुरा, सुई, काळा दोरा,
आणि भर उन्हाळ्यात माझी थंडीतली लोकरीची टोपी.
टोपीचा अर्थ मला कळला.
परत कधी, हे ती विचारणार नव्हती.

बावीस गाड्या. ज्वारी, मीठ, सलाईन.
माझ्याकडं ज्वारी आणि साबणाची खोकी, शेजारीशेजारी.
"भाकरीला साबणाचा वास लागेल," मी म्हटलं.
पुढच्या गाडीवाला म्हणाला, "खाणारा वास विचारत नसतो."
त्यानंतर तासभर कुणी काही बोललं नाही.

दीडशे किलोमीटर, तीन दिवस.
सहा गाड्यांचे टायर फुटले.
माझे बिनपैशाचे, तेवढे टिकले.

आद्रेला, कोरड्या नदीच्या काठी, शिक्केवाला म्हणाला:
गाड्या पुढं जातील. माणसं नाही.
पलीकडून पलीकडचे ड्रायव्हर आले, चालत, वाळूतून.
माझ्या वाट्याला अदूमा. एकोणीसचा असेल.
ओठावर मिशीपेक्षा धूळ जास्त.

"तिसरा लागत नाही," त्याला सांगितलं.
"ढकलू नकोस. क्लच दाब, सोड, परत दाब.
आणि हात असा ठेव,
झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.
मग पडतो."
कर्र.
पुन्हा. कर्र.
तिसऱ्यांदा पडला.
बावीस वर्षांत हे मी कुणाला शिकवलं नव्हतं.
पोरालासुद्धा नाही. त्यानं मागितलं होतं.

"टायर मात्र चांगलेत," अदूमा म्हणाला.
"तुझ्याच गावच्या माणसाचे. अर्बाब. भेटला तर सांग..."
काय सांग?
इंजिन चालू होतं. डिझेल महाग.
पोरगा थांबला, मोठ्या माणसासाठी थांबतात तसा.
"सांग, टायर आलेत."

गाडी पात्रात उतरली.
पहिला.
दुसरा.
मग ती मधली जागा, जिथं काहीच ऐकू येत नाही.
मी काठावर उभा, चपला हातात,
आणि माझा डावा पाय वाळूत
दाबला गेला, सुटला,
परत दाबला गेला.

बाकीचे चहाकडं गेले होते.
टोपी गाडीतच राहिली.