थप्पी

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
झेरॉक्स आणि पिठाची गिरणी यांच्यामध्ये
साडेचार फुटांचं माझं दुकान.
गिरणी सुरू झाली की टेबलावरचे स्क्रू चालू लागतात.

सर्जेराव पडवळ फोन रुमालात बांधून घेऊन आले,
मुकं जनावर दवाखान्यात आणावं तसे.
"गजर लावतो अन् वाजत न्हाई.
परवा कांद्याचा ट्रक लागला साडेचारला, मी झोपलेला.
टोळीनं माझी वाराई कापली.
बॅटरी बदल, न्हाईतर काय बदलायचं ते बदल."

हातात घेतला. तापलेला.
कॅमेरा उघडला, आपोआप मिटला.
कीबोर्ड अर्धा वर आला आणि तिथंच थांबला,
समोरच्याचं नाव विसरलेल्या माणसासारखा.
चौसष्ट जीबीतले उरले होते एकशे बारा एमबी.

काका, बॅटरी ठणठणीत आहे.
याला आत वळायलाच जागा नाही.
एक काम हातात घ्यायचं तर दुसरं कुठंतरी खाली ठेवावं लागतं ना,
ते ठेवायला जमीन उरली नाही.

ते जरा थांबले.
"म्हंजे गाळ्यात थप्पी शटरपातुर लावली."
हो.
"अन् मधी वाट सोडली न्हाई."
हो, काका.
दहा वर्षं गिऱ्हाइकांना समजावतेय मी हे,
इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

मग बसलो दोघं, ते स्टुलावर, मी खोक्यावर.
गुलाब, दव, शुभ सकाळ : सहा हजार दोनशे.
"काढ."
पुतण्याच्या हळदीचा तोच व्हिडिओ, आठ जणांनी पाठवलेला.
"एक ठेव."
मग विचार करून, "दोन ठेव."
नुसत्या काळोखाचे फोटो, एकशे सत्तर.
"ह्ये कुणी काढले?"
तुम्हीच. खिशात बटण दाबलं गेलं असेल.
त्यातला एक त्यांनी डोळ्यांजवळ धरून बघितला,
आपल्याच खिशात पहिल्यांदा डोकावल्यासारखा.
"काढ."

काटापावत्या आल्या.
दोन हजार एकोणीसपासूनच्या, एकूण एक,
प्रत्येकीच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा.
मी काही विचारायच्या आत
त्यांचा हात स्क्रीनवर आडवा.
"ह्या ऱ्हाऊ दे. शेठ म्हणतो बेचाळीस गोणी,
मी दाखवतो अठ्ठेचाळीस."
आणि एकदम मुकादमाच्या आवाजात :
"खालचं पोतं कधी ओढायचं न्हाई, पोरी."

पावत्या कार्डावर हलवल्या.
चार-पाच उघडून दाखवल्या, तेव्हा हात काढला.

शेवटी स्क्रीनशॉट. नऊशे तेरा.
पहिला उघडला : जागा संपत आली आहे.
दुसरा : जागा संपत आली आहे.
खाली, आणखी खाली, तेच,
फक्त वेळ वेगळी, बॅटरीचा आकडा वेगळा.
"तुला दाखवायला," ते म्हणाले.
"पोरगा बोलला, काय येतंय त्याचा फोटो काढून ठेवा."
एक जीबी, नुसती तक्रार.
मी हसू दाबलं. तेच आधी हसले,
इतके, की गिरणीवाला पिठाळ भुवयांनी डोकावून
काय झालं म्हणून विचारून गेला.

फोन बंद केला, चालू केला.
अठरा जीबी मोकळे.
गजर लावून बघितला, वाजला.
त्यांनी स्वतः लावून बघितला, वाजला.
मी शंभर सांगितले, त्यांनी ऐंशी दिले
आणि पायरी उतरता उतरता
'अठरा जीबी शिल्लक'चा स्क्रीनशॉट घेतला.
काका!
"ऱ्हाऊ दे की एक."

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या उशाशी फोन थरथरला.
"झाला," ते म्हणाले.
काय झालं?
"गजर. सांगावं म्हटलं."
पाठीमागे कुठलासा ट्रक गाळ्याला लागत होता
आणि कुणीतरी ओरडत होतं
येऊ दे, येऊ दे, अजून,
अजून थोडा,
बस.