चार फुटी

स्वयंपाकघरातली ट्यूब
गेल्या मंगळवारपासून ठरवत नाहीये.
पेटू की नको, पेटू की नको.
मी तोवर अंदाजानेच फोडणी देते.
खाली मोहरी तडतडते, वर ती फडफडते,
कढीपत्ता एका क्षणी हिरवा, एका क्षणी काळा.

शाळेत मला ट्यूबलाईट म्हणायचे.
उशिरा कळायचं मला, पण कळायचं.
ही तर कळून घ्यायलाच तयार नाही.

आधी स्टार्टर बदलला, वीस रुपये.
मग दोन्ही टोकं धरून
पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे,
पिना खाचेत बसल्या न बसल्या.
स्टुलाचा एक पाय आखूड,
त्याखाली पाणीपट्टीचं जुनं बिल, चौघडी घालून.
मान मागे, तोंडात छताची भुकटी,
मनात सिडकोच्या त्या इंजिनिअरला शिवी,
ज्याने कोपरखैरण्यातल्या या दोन खोल्यांना
बाकी सगळं बेतून दिलं
आणि छत तेवढं उंच.

सेक्टर पंधराच्या दुकानात पोरगा, कानात वायर.
"ते बंद झालं, मावशी. पट्टी घ्या, एलईडी.
चोक नाही, स्टार्टर नाही, कटकटच नाही."
चांगलीच असणार पट्टी.
पण फिटिंग काढायचं म्हणजे
भिंतीला चार भोकं नवी, चार जुनी बुजवायची,
तो पिवळा रंग आता मिळत नाही,
आणि इलेक्ट्रिशियन रविवारी येतो म्हणालाय,
कुठल्या ते नाही म्हणालेला.

खालच्या मोरजेकाकांच्या कानावर गेलं.
बेलापूर रस्त्याला ट्यूबच्या कंपनीत एकतीस वर्षं.
टाळं लागलं तेव्हा थकलेल्या पगारापोटी
दोन खोके पदरात पडले, दहा-दहाचे.
पलंगाखाली आहेत अजून.
सहा लेकीबरोबर दिव्याला गेल्या,
दोन मंडळाने गणपतीत नेल्या त्या नेल्याच,
एक त्यांच्याच हातून फुटली,
तिच्याबद्दल ते बोलत नाहीत.
अकरा उरल्यात.

एक काढून दिली. अट एकच,
मेलेली त्यांना द्यायची.
"घंटागाडी घेत नाही, भंगारवाला घेत नाही.
आत पारा असतो, बाई. पोरं गटारात फोडतात."
त्यांच्या मोरीमागे उभ्या असतात त्या,
टोकं काळी,
मशेरी लावून बायका गप्पांना उभ्या राहतात तशा.

काका स्टुलावर चढत नाहीत, गुडघे.
खाली उभं राहून नुसतं ऐकतात.
"वाजतेय? मग चोक शाबूत आहे.
हं. अजून थोडी. अगं, पिळू नको,
बाटलीचं बूच नाही ते.
थांब. हात काढ.
आता तिचं तिला करू दे."

थांबले.
एकदा जांभळं, एकदा काहीच नाही,
मग सगळंच एकदम:
शेगडीमागे तेलाचा नकाशा,
कपाटाआड शिरणाऱ्या पालीची मागे उरलेली शेपटी,
मोरजेकाकांच्या सदऱ्याचं
भलत्याच काजात बसलेलं बटण.

"दहा," काका म्हणाले,
मला नाही.
मेलेली बगलेत घेतली
आणि दारातून तिरके निघाले,
आधी ती, मग ते.