व इतर

छोटी लाइन उखडली तेव्हा
कुंवरखेडीच्या फाटकाजवळचा दगड
हलवायचा की राहू द्यायचा, असा एक कागद
ग्वाल्हेरच्या ऑफिसात माझ्या टेबलावर आला.
निवृत्तीला चार महिने होते.
मी शेरा मारला : जागेवर जाऊन पाहतो.

दगड इथलाच, किल्ल्यामागच्या खाणीतला,
उन्हात पिवळसर, बुडाशी शेवाळलेला.
संवत एकोणीसशे एक्याण्णव, माघ.
दोन गाड्या, एकच रूळ,
आणि टोकनचा तो लोखंडी गोळा,
जो एका ड्रायव्हरच्या हाती असायला हवा होता
आणि त्या दुपारी कुणाच्याच नव्हता.

चौदा नावं आहेत.
आधी दोन्ही ड्रायव्हर, मग गार्ड, मग एक वकील,
मग पहिल्या वर्गातून उतरत उतरत
तिसऱ्याच्या दाराशी पोचेतो
मंजूर रक्कम संपली असावी.
चुनीलाल पाथरवट अक्षरामागे दोन पैसे घेई,
पावती फाइलीत आहे.
शेवटची चार अक्षरं : व इतर.
आठ पैसे. दोन आण्यांत
किती माणसं बसवली, ते पावतीवर नाही.

आमचे दामूकाका त्यांत.
घरी तसंच म्हणत : दामू इतरांत आहे,
जसं म्हणावं, दामू उज्जैनला आहे.
पंधरा वर्षांचा होता. मी साठीचा होऊन
अजून त्याला काका म्हणतो.

बहिणीकडे निघाला होता गुळाची पोळी खायला,
तिकीट न काढता.
आजोबा ओळख पटवायला गेले. पटली.
बाबूने विचारलं, तिकीट?
आजोबा म्हणाले, हा आमचा नव्हे.
आणि घरी येऊन न्हाणीघरात गेले,
पाणी वाजत राहिलं, म्हणे, बराच वेळ.
दंड किती होता, मी नियमांत शोधला : सव्वा रुपया.
सव्वा रुपयासाठी नव्हे, तेवढं मलाही कळतं.
ते दरबारी शाळेत मास्तर होते.
गणित आणि नीतिपाठ शिकवत.

बेवारस सामानाची यादी मोडीत आहे.
छत्री एक, दांडा मोडका.
तांब्या एक, कल्हई ताजी.
गजकची पुडी, ओली.
पेरूंची करंडी एक, नासल्याने टाकली.
चप्पल एक.
दामूकाकांचं त्यात काही नसेल.
हात हलवत गेला, असं बाबा सांगायचे.

पूर्वी तिथे प्रत्येक ड्रायव्हर शिट्टी द्यायचा,
चार-वीसला, एक आखूड.
नियमात नव्हती. कुणी सुरू केली, नोंद नाही.
आता गाडी नाही, रूळ नाही, खडीही लोकांनी नेली.

टपरीवर बसलो होतो. शिवचरण कुशवाह
चहा ओतत होता, बोलत होता भावाच्या खटल्याबद्दल.
मध्येच थांबला. किटली तिरकी, धार तुटलेली.
बाकावरचे दोघे गप्प.
शेळीवर ओरडणारी बाईसुद्धा.
मग सगळं होतं तिथून पुढे चालू.
मी घड्याळ पाहिलं. विचारलं, क्या हुआ?
तो म्हणाला, कब?

परत येऊन लिहिलं :
दगड खचलेला आहे, हलवल्यास फुटेल.
खोटं आहे. चांगला घट्ट आहे.
रेल्वेच्या दप्तरात आमच्या घराण्याने
दिलेली ही दुसरी खोटी जबानी.
खाली सही केली, आडनावासकट,
आणि पेन तसंच हातात धरून
मोजत बसलो :
दामोदर शिरढोणकर,
दहा अक्षरं, पाच आणे.