छाट

मी हवालदार-क्लार्क मल्लेशम येमुल, निवृत्त.
साखर पेठेत दोन खोल्या, वर पत्रा,
भिंतीपलीकडे चार पॉवरलूम.
ते रात्री बाराला थांबतात,
आणि मला जाग येते.

आज चहाच्या गाड्यावर पुन्हा तेच.
"एकदाच घुसायचं अन् खलास करायचं बघा,"
चादरीचे गठ्ठे सायकलला आवळता आवळता
श्रीनिवास म्हणाला.
बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या,
पलीकडचा देश म्हणजे जणू
विजापूर रोडवरचं अतिक्रमण.
"काका, तुम्ही तर आतले की. काय होतंय आता?"
मी बशीतला चहा फुंकत राहिलो.

आतला म्हणजे काय,
तर तंबूत एक टेबल, एक टाइपरायटर,
सहा प्रती निघतील इतका कार्बन.
साहेब उभ्यानं सांगायचे, मी बडवायचो.
पर्याय अ: पूल घेणे, तिथेच थांबणे.
पर्याय ब: पूल घेणे, न थांबणे.
पर्याय क: आधी विमानं, मग बघू.
पर्याय ड: काही न करणे.
ड नेहमी शेवटी, अर्ध्या ओळीचा,
लग्नाच्या यादीतल्या भांडखोर मामासारखा:
नाव घालायचं,
येऊ नये म्हणून देवाला सांगायचं.

पुढे रकाने.
किती दिवस. किती दारूगोळा.
नदी चढली तर.
त्यांचा थोरला दोस्त मध्ये पडला तर.
आणि अगदी कडेला, कागद संपता संपता:
अपेक्षित हानी.

"ब समोर काय आहे?"
"चारशे ते सहाशे, सर."
"साडेपाचशे कर. सहाशे वर वाचवत नाही त्यांना."
मी रबर घेतलं.
एकेक कार्बन उचलून, सहाही प्रतींवर,
पन्नास जण खोडले.
फुंकर मारली.
कागद तिथे जरा पातळ झाला, एवढंच.

आई बिड्या वळायची.
हजार बिड्यांची मजुरी ठरलेली,
पण कारखान्यात चेकर बसायचा.
मूठभर उचलायचा, दाबायचा, म्हणायचा, छाट.
छाटीची मजुरी नाही,
आणि छाट परतही नाही.
म्हणून ती हजारासाठी साडेदहाशे वळायची,
तेलुगूत मोजत, दिव्याशी पाठ करून.
त्या तंबूत मला तिची बोटं आठवायला नको होती.
आठवली.

शेवटी ड झाला.
कुणी ठरवला नाही, तो झाला.
दहा महिने समोरासमोर बसलो,
मग वरून निरोप आला, परत फिरा.
ड समोरचा रकाना मी कोरा सोडला होता.
सुरुंग पेरताना नऊ गेले,
तेच सुरुंग उचलताना अकरा.
त्यांची नावं मीच टाइप केली,
एकेका ओळीत एकेक,
तेव्हा रबर कुठे ठेवलं होतं ते सापडेना.

हे श्रीनिवासला सांगितलं
तर तो म्हणेल, बघा, तेव्हाच घुसायला पाहिजे होतं.
आणि मला उत्तर येणार नाही.
कारण अ, ब, क यांचे रकाने
मी भरले, पण कुणी तपासले नाहीत;
न लढलेल्या लढाईची छाट
कुठला चेकर मोजणार?

संध्याकाळी त्याचा धाकटा आला, अभिलाष.
पहाटे कंबर तलावाला पाच चकरा मारतो,
पायात दोन वेगळे बूट.
"काका, भरतीचा फॉर्म भरून द्या की."
चष्मा पुसला.
उंची: एकशे एकोणसत्तर.
वजन: पंचावन्न.
छाती, फुगवून, न फुगवून.
ओळखीची खूण?
त्यानं केस वर केले.
डाव्या भुवईवर व्रण, बोटाच्या पेराएवढा.
"कशानं?"
"लहानपणी. धोटा उडाला होता लूमचा."

रकाना लहान होता.
मी सगळं लिहिलं तरी,
पेनानं, बारीक अक्षरात, समासात जाऊन.