दुसरीचं पान

साडीच्या खोक्याचा पुठ्ठा दिसायला जाड,
पण घडी घातली की तिथेच फाटतो.
कव्हरला तो नको.
कव्हरला तावड्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिका,
एकावर एक तीन चिकटवायच्या,
गणपती आतल्या बाजूला.
चाळीसेक उरल्या होत्या.
तारीख बदलली, म्हणाली तिची आई.
मी पुढे विचारलं नाही.

खळ घरचीच. मैदा, पाणी,
मोरचूद चिमूटभर, म्हणजे झुरळं लागत नाहीत.
माझगावच्या बाइंडिंगखान्यात सव्वीस वर्षं
फर्म्यांच्या घड्या घातल्या,
सगळी दुसऱ्यांच्या पोरांची पुस्तकं.
घडी हाडाच्या पट्टीनं दाबायची, नखानं नाही.
पट्टी अजून आहे माझ्याकडे.
बाइंडिंगखान्याच्या जागी वरपर्यंत काच आहे.

सून म्हणाली, आई, तीनशेला मिळतो हो अल्बम,
उद्या दारात.
मिळतो. विक्रोळीत आता सगळं दारात येतं.
म्हटलं, तू डबा भर, तुझी गाडी जाईल.

मिहिकाची शाळा सातवीपर्यंतच.
जूनपासून दुसरी शाळा, दुसरा गणवेश.
म्हणून हा घाट.
आठ पानं, पतपेढीच्या कॅलेंडरांची पाठ,
उजेडात धरलं तर मागून एकादश्या दिसतात.

बालवाडी: रुमालाची पिन. गंजलेली. तिथेच टोचली.
पहिली: वर्गाचा फोटो, डावीकडून तिसरी, डोळे मिटलेले.
खाली सगळ्यांची नावं लिहिली तिला विचारून.
एकाचं आठवेना.
"तो रडायचा," म्हणाली.
मी तेच लिहिलं: तो रडायचा.

दुसरी.
दुसरीत शाळा मोबाईलमध्ये होती.
वर्गाचा फोटो नाही, सहल नाही,
गुडघा फुटला म्हणून बाईंची चिठ्ठी नाही.
प्रगतिपुस्तकसुद्धा फोनवर आलं
आणि तो फोन पुढे तिच्या बापानं
कुकरच्या बदल्यात दिला.

वाटलं, काढून टाकावं पान.
पण सव्वीस वर्षं शिकवून गेली आहेत:
शिवणीत एकटं पान नसतं.
इथलं दुसरीचं ओढलं
की पलीकडे पाचवीचं सुटतं,
तिचं जोडपान.
आणि पाचवीत तर ती रिलेत धावली होती,
शेवटची, हातात काठी घेऊन,
तोंड उघडं.

दुपारी पोरगी पलंगाखालून खोकं घेऊन आली.
"आजी, याचा पुठ्ठा चालेल?"
बुटांचं खोकं. काळे, साइज तेरा.
त्या वर्षी मार्चमध्येच घेतले होते, सेल होता म्हणून.
शाळा उघडली तेव्हा पाय मावेना.
वॉचमनच्या मुलीला दिले, तळवे कोरे करकरीत.
मी म्हटलं, बिचारे, एकदाही घातले नाहीत.

"घातले की. रोज घालायचे मी."
कुठे?
"टेबलाखाली. मोजे पण.
बाई म्हणायच्या, सगळे नीट बसा,
तेव्हा मी पाय जुळवायचे.
कॅमेऱ्यात दिसत नव्हते."

तेव्हा मी तिथेच होते.
दोन हातांवर, ओट्याशी,
आवाज करू नका म्हणून लसूण ठेचणंसुद्धा बंद केलेलं.
एकदा वाकून टेबलाखाली बघितलं नाही.

खोक्याचं लेबल कापलं.
साइज तेरा, किंमत, त्यावर काट, नवी किंमत.
दुसरीच्या पानावर मधोमध लावलं.
"खाली काही लिहू?" मी विचारलं.
"नको. मला माहितीये ना."

आता अल्बमवर पाटा ठेवलाय.
सकाळपर्यंत कुणी उघडायचा नाही.
ओलं असताना उघडलं
की पानं एकमेकांना ओढतात.

धाकटा विचारतोय, माझा कधी.
त्याला अजून दोन कव्हरं लागतील.
तावड्यांकडे पत्रिका आहेत,
परवा कपाटावर दिसल्या, रबर लावून ठेवलेल्या.
मागाव्या की नाही, कळत नाही.