विरेचनाच्या दिवशी सफारी

पॅकेजात दोन्ही होतं. सात दिवस तेल-तूप-वाफ
आणि दोन सफाऱ्या, उघड्या जीपमधून.
जांबोटीच्या पुढं, डाव्या हाताला, कौलारू सहा खोल्या.
वैद्य मुतगेकरांनी नाडी धरली, डोळे मिटले.
"वात. बँकेत होता काय?"
चौतीस वर्षं, म्हटलं. कॅश काउंटर, शहापूर शाखा.

तिसऱ्या दिवशी ढेकरालाही तुपाचा वास.
चहा नको, कुंदा नको, दुपारची झोप नको,
अंगाला वारं तर लागूच द्यायचं नाही.
आणि पहाटे साडेपाचला जीपमध्ये
वाऱ्यातच बसायचं!
हे दोन नियम एका छापील कागदावर
शेजारी-शेजारी होते. कुणी हसलं नाही.

पहिल्या फेरीत दिसलं ते गव्याचं शेण.
बसप्पा गाइडनं काडीनं उकरून दाखवलं, ताजं.
आम्ही सगळ्यांनी त्याचे फोटो काढले.

दुसरी फेरी नेमकी विरेचनाच्या दिवशी.
जीप गेली. मी लाकडी द्रोणीत पालथी,
औषधाआधीचं शेवटचं तेल.
यल्लूबाई जीपचा आवाज ऐकत होती,
तो चढ चढून पलीकडं उतरेपर्यंत.
मग तिचा अंगठा मानेच्या मणक्यावर आला.
"हितं फॉरेस्टाचं गेट."
जरा खाली, "हितं वढा. पावसाळ्यात चार म्हैने बंद."
आणखी खाली सरकत, "हे जांभळीचं बन,
अस्वल येतंय, गाणं म्हणत जायाचं."
मग कमरेच्या वर, उजवीकडं,
जिथं माझं काउंटर अजून बसलेलं आहे,
तिथं ती थांबली.
"हितं आमचं दार हुतं."

पैशे घेऊन खाली आलो की ओ, म्हणाली, दोन सालं झाली.
आता वट्यावर गवे बसूलालेत म्हणं.
"बघायला गेली नाहीस?"
"सोडत न्हाईत. जीपमधनंच जायाचं.
बाराशे तिकीट पडतंय."
सवयीनं हिशेब झाला माझा:
तिच्या हातांचे तीन दिवस, वर काही सुट्टे.

आणि मग, उशिरा,
वाफेच्या पेटीत फक्त डोकं बाहेर ठेवून बसल्यावर,
आठवलं:
माझी जागा.
भरलेली, परत न मिळणारी,
खिडकी नसलेल्या जीपमध्ये डावीकडची
रिकामी जागा
आत्ता या क्षणी तिच्या दारावरून चालली असेल.

नंतरच्या चार तासांबद्दल लिहीत नाही.
सात वेग, वैद्यांनी वहीत मांडले, समाधानानं.

साडेनऊला मंडळी परतली. काही नाही हो, म्हणाले,
नुसतं धुकं. एक पडकी वाडी,
तिथं काहीतरी काळं बसलेलं, पण बसप्पा थांबेना.

संध्याकाळी पातळ पेज, मीठ नावाला.
पाठ हलकी, खरंच हलकी.
फक्त उजवीकडं, त्या दाराशी,
अजून थोडं दुखतं.
ते मी मुतगेकरांना सांगितलं नाही.